टपाच्या मध्यावरची धूळ

‘‘हे कशाने झिजलं?’’

असं विचारून ते त्या वस्तूवरून अंगठा फिरवत. वस्तू कोणाची आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. करी रोडच्या चाळीत मी राहायला आलो त्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले आणि कडी निरखू लागले. मी विचारलं, ‘‘काका, इथे पाणी किती वाजता येतं?’’ ते म्हणाले, ‘‘तुमच्या आधीचे डावखुरे होते.’’ पाण्याची वेळ मला नंतर दुसऱ्या कोणीतरी सांगितली.

तुमच्याही शेजारात असा एखादा माणूस असेल, ज्याच्यासमोर आपलं घर एकदम जुनं दिसायला लागतं. काका चहाला येणार असले की माझी बायको कपबशा पुन्हा विसळायची. ते कपाकडे बघतच नसत. टेबलाच्या कडेचा सनमायका जिथे उडाला होता तिथे बघत आणि समाधानाने म्हणत, ‘‘छान उडालाय.’’ यावर यजमानांनी काय बोलायचं असतं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

चाळीत त्यांना गंजकाका म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं. गोदीत ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, डोक्यावर एक केस नाही, चष्म्यावर आणखी एक भिंग. जेवण शेजारच्या खोलीत, थोरल्या भावाकडे. उरलेला दिवस खिडकीपाशी टेबलावर. छोट्या गाड्या, रणगाडे, रेल्वेची इंजिनं जोडून तयार करणारे हौशी लोक या शहरात पुष्कळ आहेत, हे मला त्यांच्यामुळे कळलं. हे लोक महिनोन्‌महिने खपून मॉडेल जोडतात आणि मग ते खेळण्यासारखं दिसतं म्हणून खट्टू होतात. अशी मॉडेलं काकांकडे येत. काका त्यांना म्हातारं करून परत पाठवत.

क्रोम हा त्यांचा खास विषय. ‘‘चंदेरी रंग फासला की डालड्याचा डबा होतो, बंपर होत नाही,’’ असं ते म्हणत. आधी चकचकीत काळा रंग द्यायचा, तो पुरता वाळू द्यायचा आणि मग त्यावर चिमूटभर चंदेरी पूड बोटाने हलकेच घासत राहायची. काळ्याच्या पोटातून आरसा वर यायचा. एकदा त्यांनी नखाएवढा बंपर माझ्या डोळ्यांसमोर धरला. ‘‘खिडकीचे गज दिसतात की नाही?’’ मला गज दिसले नाहीत. मी हो म्हणालो, कारण त्यांनी श्वास रोखून धरला होता.

उडालेल्या रंगाची कृती वेगळी. खाली गंजाचा तपकिरी थर, त्यावर केसांना मारायचा स्प्रे, त्यावर गाडीचा रंग. मग ओल्या ब्रशने घासलं की वरचा रंग खऱ्यासारखे टवके उडून निघतो आणि गंज दिसू लागतो. हा स्प्रे आणायला ते लालबागच्या एका दुकानात जात, जिथे एरवी टिकल्या, नेलपॉलिश आणि बांगड्या मिळतात. मी एकदा बरोबर होतो. काउंटरवरच्या मुलीने त्यांच्या टकलाकडे बघून विचारलं, ‘‘अंकल, किसके लिए?’’

‘‘ट्रकसाठी.’’

‘‘स्ट्राँग होल्डवाला देऊ?’’

‘‘नको. पाण्याने निघाला पाहिजे.’’

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी टिकल्या बघत होतो.

कारणाशिवाय झीज करायची नाही, हा त्यांचा नियम होता. शिवाजी पार्कच्या एका तरुणाने परदेशी गाडीचं मॉडेल आणलं आणि ‘‘जरा विंटेज लुक द्या’’ म्हणाला. काकांनी विचारलं, ‘‘खरी गाडी कुठे उभी असते?’’ तो म्हणाला, म्युझियममध्ये, एसीत. काकांनी मॉडेल परत त्याच्या हातात दिलं. ‘‘मग हिला काय झालंय? काही नाही झालेलं हिला.’’ डॉक्टरने पेशंटला घरी पाठवावं तसं पाठवलं.

दादरचे एक ख्रिश्चन गृहस्थ वडिलांच्या मोटरसायकलचं मॉडेल घेऊन आले होते. काका मोटरसायकलबद्दल काहीच विचारेनात. वडील उंच होते का, मागे कोण बसायचं, चर्चमध्ये मिसाला जाताना बूट कुठले घालायचे, असलंच सगळं. ते गृहस्थ आधी वैतागले, मग खुर्चीवर उलटे बसून वडिलांचे गुडघे टाकीला कुठे लागायचे ते दाखवू लागले. दाखवता दाखवता थांबले आणि रुमाल काढला. काकांनी त्यांना रडू दिलं आणि तेवढ्यात गुडघ्यांची उंची मोजून घेतली.

आता थोरल्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण काकांची खरी परीक्षा तिथे झाली.

मोठे काका टॅक्सी चालवायचे. काळं अंग, पिवळा टप, मुंबईने सगळ्यांना दाखवलेली तीच गाडी. गाडीचं वय संपलं म्हणून ती भंगारात गेली, आणि त्यानंतर मोठ्या काकांची आठवण हळूहळू जाऊ लागली. माणसं विसरले, जेवण झालं की नाही ते विसरले, पण गाडी विसरले नाहीत. ‘‘गाडी खंय लावलंय गो मी?’’ असं काकूंना विचारत आणि शोधायला निघत. दोघं भाऊ घरात अजून मालवणीच बोलत. काकूंचे गुडघे गेलेले, त्यांना जिन्याने मागे धावता येत नसे. एकदा मोठे काका पार शिवडीला गोदामांच्या रस्त्यावर सापडले. ट्रकच्या रांगेत एकेक गाडी बघत चालले होते. ट्रक मागे घेणाऱ्याला ते दिसले, म्हणून वाचले.

दुसऱ्या दिवसापासून काकू दाराला बाहेरून कडी लावून बाजारात जाऊ लागल्या. मोठे काका आतून दार वाजवत. जोरात नाही. पाहुण्याने वाजवावं तसं. ते ऐकून आमचा सगळा मजला आपापली दारं लोटून घेत असे. गंजकाका मात्र दार उघडं ठेवून बसत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी गेलो तर टेबलावर टॅक्सीचं मॉडेल जोडून ठेवलेलं होतं.

‘‘गाडी घरात दिसली की शोधायला बाहेर कशाला जाईल?’’ ते म्हणाले. यात काहीतरी चुकतंय असं मला वाटलं, पण काय ते सांगता येईना.

त्यांनी जीव ओतून टॅक्सी केली. मडगार्डला गंज, सायलेन्सरला काजळी, बंपरवर पुळ्या उठलेलं क्रोम. मी इतकी हुबेहूब टॅक्सी पाहिली नव्हती. मोठ्या काकांनी ती हातात घेतली, फिरवून बघितली आणि म्हणाले, ‘‘कोणाची रे ही? कधी धुवत नाय वाटता.’’ आणि चपला शोधू लागले.

गंजकाकांनी दोन दिवस ब्रशला हात लावला नाही. मग रागाने एक कोरी करकरीत टॅक्सी केली. आरशासारखं क्रोम, एक ओरखडा नाही. मोठे काका म्हणाले, ‘‘ही शोरूमची.’’

बघा, हा माणूस परक्यांच्या बापाचे गुडघे मोजत होता, पण सख्ख्या भावाच्या गाडीबद्दल त्याने कोणाला एक प्रश्न विचारला नव्हता. भाऊच तो, त्यात विचारायचं काय? शेवटी ते वहिनींसमोर जाऊन बसले. काकू मेथी निवडत होत्या. मी तिथेच होतो.

‘‘वहिनी, गाडी कशाने झिजली होती?’’

‘‘धुऊन,’’ काकू म्हणाल्या.

‘‘धुऊन?’’

‘‘रोज पहाटे धुवत. माझ्या जुन्या लुगड्याचा बोळा घेऊन. तुम्ही उठायच्या आधी धुऊन निघून जात, तुम्ही कशाला बघताय? एवढी घासत की हँडलचं क्रोम जाऊन खालचं पिवळं दिसायला लागलेलं. मी म्हणायची, गाडी पुसताय की भांडी घासताय?’’ मग मेथीची काडी मोडत त्या म्हणाल्या, ‘‘फक्त टपाच्या मध्यावर धूळ असायची. हात पोचत नव्हता ना त्यांचा. उंची कुठे आहे?’’

गंजकाका उठले ते सरळ टेबलाशी गेले. तिसरी टॅक्सी करायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. या गाडीवर गंज नव्हता. कडांचा रंग पुसून पुसून पातळ झालेला, बॉनेटच्या धारेला खालचा राखाडी थर डोकावत होता, हँडलांवर क्रोमच्या खालून पितळी पिवळा आलेला. पिवळ्या टपाच्या कडा चकचकीत आणि बरोबर मध्यावर धुळीचा एक लांबट डाग, जिथे बुटक्या माणसाचा हात दोन्ही बाजूंनी पोचत नाही. प्रेमाने झिजलेली गाडी मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि मला भरून आलं हे कबूल करायला माझी हरकत नाही.

मोठ्या काकांनी ती हातात घेतली. मग बनियनचं टोक ओढून टपाची कड पुसली.

‘‘हय कोणी आणल्यान?’’

‘‘मी आणलंय, दादा,’’ गंजकाका म्हणाले. ‘‘आता हयच रवतली, खंय जावची नाय.’’

त्या दिवशी मोठे काका बाहेर पडले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. काकूंनी बाहेरची कडी लावणं सोडलं.

फक्त एक अडचण झाली. गाडी सापडल्यावर माणूस काय करणार? धुणार. मोठे काका रोज सकाळी वाटीत पाणी घेऊन, ओल्या फडक्याने टॅक्सी धुऊ लागले. आठ दिवसांत क्रोम गेलं. मी सुचवलं, वरून वार्निश मारा. ‘‘वार्निश मारलं की क्रोम मरतं, नुसतं पत्र्यासारखं दिसतं,’’ गंजकाका म्हणाले. मग काचेच्या पेटीत ठेवा, मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. टॅक्सी काचेत ठेवायची नसते.

मग त्यांनी रविवार ठरवून घेतला. दुपारी भाऊ जेवून आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून घोरू लागला की हे दबक्या पावलांनी जात, उशाशी ठेवलेली गाडी उचलून आणत. गेलेला रंग पुन्हा भरायचा, आणि मग तो पहिल्याइतकाच पुन्हा झिजवायचा. चहाच्या आत गाडी उशाशी परत. ‘‘या आठवड्यात दादाने डावीकडे जोर जास्त दिलाय,’’ एवढंच मला सांगत. बाहेरची कामं त्यांनी हळूहळू घेणं बंद केलं. टपावरची मधली धूळ मात्र त्यांना कधी भरावी लागली नाही. मोठे काका ती सोडून बाकीचं पुसत.

असे कितीतरी रविवार गेले. मग गेल्या वर्षी, गणपतीच्या कारखान्यांतून रंगाचा वास यायला लागला त्या सुमारास, गंजकाका छातीत दुखतंय म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत गेलेसुद्धा. मोठ्या काकांना सांगितलं. ते रडले, मग विसरले. काकूंनी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा रडले. त्यानंतर कोणी सांगितलं नाही.

धुणं चालूच होतं. आधी क्रोम गेलं, मग काळा रंग, मग पिवळा. परवा काकूंची औषधं द्यायला गेलो तेव्हा टॅक्सीचं नुसतं राखाडी प्लास्टिक उरलं होतं. मोठ्या काकांनी मला खुणेने जवळ बोलावलं. काकू आत आहेत हे मान वळवून पाहिलं आणि गाडी माझ्या हातात दिली.

‘‘धाकट्याक सांग, रंग गेलो,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘हल्ली आयतवारी येणा नाय तो. मी भिंतीकडे तोंड करून वाट बघतंय.’’

मी गाडी धरून उभा राहिलो.

‘‘सांगतो,’’ म्हटलं.

‘‘घाई नाय,’’ मोठे काका म्हणाले. ‘‘सवडीन कर म्हणान सांग त्याका.’’