न केलेली नोंद

सुरेखाचा फोन आला तेव्हा मी सापगावच्या घरामागे वालाच्या शेंगा तोडत होतो. "हरडकाका, काका गेले हो," एवढंच ती बोलली, आणि पुढे कितीतरी वेळ फोनवर नुसता कोंबड्यांचा आवाज येत राहिला... सुरेखा म्हणजे डॉ. रघुनाथ देसले यांची पुतणी. सरांनी लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर ते धसईला, भावाच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत होते. सकाळी ओटीवर खुर्चीत बसले, चहा मागितला, आणि सुरेखा चहा घेऊन बाहेर आली तोवर सगळं संपलं होतं. मी पुलाजवळ एसटी धरली, मुरबाडला बदलली. धसईला उतरलो तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. ओळखीचं कोणी दिसेना. अंगणात एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "तुमी कोन? कुठनं आलात?" मी म्हणालो, "आमी एका ठिकानी कामाला होतो." त्याने मान हलवली आणि बाकावर जागा करून दिली. त्याला आणखी काय सांगायचं, ते मला सुचलं नाही. आज दीड महिना झाला. ते इथे सांगायचा प्रयत्न करतो.

आम्ही दोघं एका सरकारी प्रयोगशाळेत होतो. सर शास्त्रज्ञ, मी तंत्रज्ञ. आयटीआय करून लागलो तेव्हा मला बावीसावं वर्ष होतं. त्या इमारतीत सगळे इंग्रजीत किंवा हिंदीत बोलायचे. मी तोंड उघडायलाच घाबरायचो. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी मला विचारलं की व्हॅक्यूम पंपाचं तेल बदललं का, आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "नाय, अजून नाय." पलीकडच्या टेबलावर सूक्ष्मदर्शकावर वाकलेला एक उंच, काळासावळा माणूस वर बघून हसला. "कुठला रे तू?" "शापूरचा. सापगाव." "मी धसईचा," तो म्हणाला, आणि पुन्हा काचेवर वाकला. दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या गटात काम मिळालं. चारचौघांत ते मला "हरड" म्हणत आणि अहोजाहो करत. दार लोटलं की मी दत्ता व्हायचो, आणि दोन भातशेतकऱ्यांची मुलं गावच्या बोलीत अर्धवाहक लेसरबद्दल बोलायला लागायची.

हा लेसर म्हणजे मिठाच्या खड्याहून लहान असा स्फटिकाचा तुकडा. त्यातून वीज गेली की त्याच्या कडेतून प्रकाश बाहेर पडतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्यातूनच बघावा लागतो. मला सर्वांत आवडायचं ते स्फटिक फोडणं. हिऱ्याच्या टोकाने कडेला बारीकसा ओरखडा काढायचा आणि खालून हलका दाब द्यायचा. स्फटिक त्याच्या ठरलेल्या पातळीवरच दुभंगतो आणि जी बाजू उघडी पडते ती कुठल्याही पॉलिशशिवाय आरशासारखी असते. सरांनी मला हे शिकवलं तेव्हा माझे पहिले चाळीसेक तुकडे वाया गेले असतील. ते रागावले नाहीत. "हात नको लावू त्याला, त्याला फुटायचंय कुठं ते त्याला ठाव हाय," म्हणायचे.

अडचण एकच होती. आमचे लेसर लवकर मरायचे. सुरू केले की काही तास छान चालायचे, मग मंद व्हायचे, मग विझायचे. मेलेला तुकडा कॅमेऱ्याखाली धरला की उजळ भागात काळ्या रेघा दिसायच्या. सर सांगायचे, स्फटिकात अणूंची एखादी ओळ कुठेतरी चुकलेली असते. तुकडा तांब्याच्या ठोकळ्यावर बसवताना त्याच्यावर ताण पडला, की ती चूक वाढत जाते आणि प्रकाश खाऊन टाकते. परदेशातल्या लोकांनी यावर केव्हाच मात केली होती, पण ते तसले लेसर आम्हाला विकत नव्हते. आपला आपणच करायचा होता. सरांची नऊ वर्षं त्यात गेली. शेवटी मऊ धातूचा पातळ थर मध्ये घालून तुकडा बसवायची एक रीत त्यांना साधली. लेसर तापत्या ठोकळ्यावर मुद्दाम त्रास देऊन चालवून बघितले. ते टिकले. अपेक्षेपेक्षा फारच जास्त टिकले. सरांचा शोधनिबंध छापून आला, त्याचं कौतुक झालं, नवा मोठा प्रकल्प त्यांच्या नावाने मंजूर होणार अशी बोलणी सुरू झाली. त्या दिवसांत ते चालताना शीळ घालायचे.

निबंध छापून आल्यावर पाच महिन्यांनी मी तो तापवायचा ठोकळा साफ करायला उघडला. तापमान मोजणारा सेन्सर लेसरच्या अगदी खाली असायला हवा होता. तो दोन बोटं बाजूला, हीटरला चिकटून होता. आणि तो तिथे मीच बसवला होता. मूळ भोकातले आटे झिजले होते, म्हणून तात्पुरता दुसऱ्या भोकात घातला, आणि ते विसरून गेलो. सेन्सर दाखवत होता त्याहून लेसर बराच थंड होता. थंड लेसर जास्त जगतोच. म्हणजे आम्ही मोजलेली लेसरची आयुष्यं खोटी होती.

मी तसाच सरांकडे गेलो आणि सांगितलं. एवढं एक मी केलं. ते ठोकळ्याकडे बघत राहिले. "वहीत लिवलंस?" "नाय सर." "पेपर छापून आलाय रे, दत्ता..." सेन्सर मूळ जागी बसवून तीन आठवडे त्यांनी स्वतः मोजमाप केलं, मला हात लावू दिला नाही. मग निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं.

मीटिंग झाली. विभागप्रमुख, आणखी चौघे, सर, आणि भिंतीलगतच्या बाकावर मी. प्रमुख फार समजूतदार माणूस होते. त्यांना सरांना वाचवायचं होतं. ते म्हणाले, "देसले, सेन्सर तुम्ही तर बसवलेला नाही ना? तांत्रिक कर्मचाऱ्याची चूक म्हणून नोंदवू. विषय संपेल." खोलीतल्या एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. सर म्हणाले, "सेटअप माझा आहे. तपासायचं काम माझं होतं." प्रमुखांनी पुन्हा विचारलं, "बसवला कोणी?" सर पुन्हा तेच म्हणाले. मला उठून फक्त दोन शब्द बोलायचे होते, 'मी बसवला'. घरी आई अंथरुणाला खिळलेली, बहिणीचं लग्न ठरलेलं, हंगामी नोकरी पक्की होऊन वर्षही झालं नव्हतं... ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी डोक्यात यांतलं एकही नव्हतं. मी नुसता घाबरलो होतो. मी बाकावरच्या सोललेल्या रंगाकडे बघत बसलो.

नवा प्रकल्प दुसऱ्याकडे गेला. सरांना कोपऱ्यातली एक खोली मिळाली, तिथे इतरांनी वाढवलेल्या स्फटिकांचे गुणधर्म मोजून द्यायचे. किती तापमानाला किती प्रसरण पावतो, कुठल्या बाजूने वीज किती वाहते, असली कामं. त्यातच वेळ काढून त्यांनी लेसरची सगळी मापं नव्याने घेतली. खरं आयुष्य निम्म्याहूनही कमी भरलं. ते त्यांनी दोन पानांच्या टिपणात छापलं. ते फारसं कोणी वाचलं नसावं.

आणि मी काय केलं, तर वर्कशॉपला बदली मागून घेतली. अर्जावर सरांची सही लागत होती. त्यांनी अर्ज वाचला, सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि "बरं," म्हणाले. त्यानंतर सात वर्षं, ते निवृत्त होईपर्यंत, मी त्या खोलीच्या मजल्यावर गेलो नाही. कॅन्टीनमध्ये ते खिडकीजवळ एकटे डबा खात बसलेले दिसायचे. समोरची खुर्ची रिकामी असायची. मी ताट घेऊन दुसऱ्या टोकाला जायचो. एकदा त्यांनी लांबून हात वर केला. मी पाण्याच्या नळाकडे वळलो...

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी मुरबाडच्या एसटी स्टँडवर मागून आवाज आला, "काय रे दत्ता, वळख ठेवली नाय?" सर. हातात पिशवी, पिशवीत तुरटीचे खडे. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "चल धसईला. एक काम हाय तुझ्यासाठी." जणू मी काल संध्याकाळी घरी जाऊन आज कामावर आलो होतो.

मागच्या खोलीत टेबलावर ओळीने काचेच्या बरण्या होत्या, त्यांत तुरटीचं संपृक्त पाणी, आणि प्रत्येकीत दोऱ्याला टांगलेला एक स्फटिक. गावात लोक म्हणायचे, एवढा शिकलेला मानूस आन् तुरटी वाळवत बसलाय. सरांना त्याचं काही वाटत नसे. लेसरच्या स्फटिकाला मोठी यंत्रं लागतात, तुरटीला फक्त धीर लागतो, असं ते म्हणत. पाणी फार हळू आटलं पाहिजे, धक्का लागता कामा नये. मग मी दर मंगळवारी जायला लागलो. जुन्या पोलरॉइड गॉगलच्या दोन काचा एकमेकींवर आडव्या धरून, त्यांच्यामध्ये स्फटिक ठेवून आम्ही आरपार बघायचो. आत कुठे ताण असेल तर तिथे उजेड दिसतो. काहीच दिसलं नाही, नुसता अंधार असला, की स्फटिक निर्दोष. असा पूर्ण अंधार आम्हाला दोनदाच मिळाला. दोन्ही वेळा सरांनी सुरेखाला हाक मारली, "ये गो, बघून जा!" आणि ती बिचारी काचेतून बघून म्हणाली, "काका, कायच दिसत नाय." त्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

या गेल्या दिवाळीनंतर एकदा मी धीर केला. "सर, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. बरणीवरून नजर न काढता म्हणाले, "ते सोड. तू बदली का मागितलीस?"

मी हातातल्या गॉगलच्या काचा सदऱ्याला पुसायला लागलो.

"सेन्सरचं काय नाय रे. चुकतो मानूस. मी बी तपासलं नव्हतं." सर म्हणाले, "पन तू गेल्यावर तिथं माझ्यासंगं 'नाय' बोलनारा कोन ऱ्हायला नाय... सात वर्षं मी 'नाही, नाही' करत होतो." मग उठून चहा ठेवायला गेले. आमच्यात त्या विषयावर झालेलं बोलणं एवढंच.

तेराव्यानंतर सुरेखाने मला बोलावून घेतलं. "काकांचं सामान तुमालाच कलंल," म्हणाली. बरण्यांतलं पाणी तिने जपून तसंच ठेवलं होतं. मागच्या खोलीत भिंतीतलं एक कपाट होतं, ते मी आजवर कधी उघडलेलं नव्हतं. तिने उघडलं. आत फळीवर बिघडलेले स्फटिक मांडलेले होते. तडा गेलेले, गढूळ, एका बाजूला वाकडे वाढलेले, पंचवीस-तीस तरी असतील. निर्दोष असलेला त्यांत एकही नव्हता, ते त्यांनी शाळेला देऊन टाकले होते. प्रत्येक बिघडलेल्या स्फटिकाखाली कागदाचा कपटा, आणि त्यावर सरांच्या बारीक अक्षरात तारीख आणि कारण. 'पाणी गाळलं नाही.' 'ऊन आलं, खिडकी लावायची विसरलो.' 'घाई केली.' 'घाई केली.' एकाखाली 'कारण माहीत नाही.'

शेवटून दुसरा एक ओबडधोबड गोळा होता, त्याला बाजूने बारीक खडे चिकटलेले. तारीख डिसेंबरची, मंगळवारची. तो मी ओळखला. त्या दिवशी सर आत चहा करत होते आणि मी चष्मा घ्यायला वळलो तर माझा कोपर टेबलाला लागला. बरणी हिंदकळली, स्फटिक दोऱ्यावर गरगर फिरला. मी टेबल धरलं, पाणी थांबेपर्यंत धरून उभा राहिलो, आणि सर कप घेऊन आले तेव्हा काही बोललो नाही. पुढच्या मंगळवारी बरणीचा तळ बारीक खड्यांनी भरला होता. सरांनी वाकून बघितलं, "धक्का लागलाय कसला तरी," म्हणाले, आणि नवं पाणी करायला घेतलं. तेव्हाही मी काही बोललो नाही.

कपट्यावर लिहिलं होतं, 'टेबल हललं.' पुढे काही नव्हतं.

सुरेखा म्हणाली, "हे टाकायचं का समदं?" मी म्हणालो, "नाय गो, ऱ्हाऊ दे." ती चहा ठेवायला गेली. मी तो कपटा खिडकीपाशी नेला, खिशातलं पेन काढलं आणि सरांच्या ओळीखाली लिहिलं, 'दत्ताराम हरड याचा कोपर लागला.' मग तो पुन्हा होता त्या जागी, स्फटिकाखाली सरकवून ठेवला.