पाहुण्यांपुरता फवारा

पर्यावरणात एम.एस्सी. झाल्यावर मी जिथे जिथे नोकरी मागायला गेले तिथे एकच प्रश्न: अनुभव आहे का? आता गोंदियाजवळच्या कुडव्यात राईस मिलच्या पाठीमागे लहानाची मोठी झालेली मी. अनुभव माझ्या फुफ्फुसात गच्च भरलेला होता, पण त्याचा दाखला कोण देणार? शेवटी त्याच मिलच्या सेठजींनी मला ठेवून घेतलं. त्यांना माझं ज्ञान नको होतं. तांदूळ घेणारे बाहेरचे व्यापारी हल्ली विचारू लागले होते, तुमच्याकडे पर्यावरणाचं कोण पाहतं, म्हणून बोट दाखवायला एक माणूस हवा होता.

मिल उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची. धान उकडायला बॉयलर, बॉयलरला धानाचा भुसा, आणि भुशाची राख आम्हाला. ती राख काय सांगू! आमच्या गल्लीत बगळा येऊन बसला की दुपारपर्यंत त्याचा कावळा व्हायचा. शेजाऱ्याने पांढरीशुभ्र गाय बाजारात नेली तर दलालाने म्हशीचा भाव सांगितला. यातलं अर्धं खोटं धरा, तरी उरलेलं अर्धं आमच्या छतावर रोज झाडूने गोळा व्हायचं.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला शोध लागला की राख अडवायचं यंत्र मिलमध्ये होतं. धुराड्याच्या बुडाशी पाण्याचा मोठा फवारा, चांगला चालू स्थितीतला. धूर त्यातून गेला की राख खाली बसते. पण पंपाला वीज लागते आणि खाली बसलेला गाळ उचलावा लागतो, म्हणून तपासणीचे साहेब यायचे तेव्हाच तो सुरू व्हायचा. मी सेठजींना म्हटलं, रोज चालवा ना. ते माझ्याकडे असे पाहू लागले जसं काही मी पाहुण्यांची चादर रोजच्या खाटेवर अंथरायला सांगितली. ‘‘मॅडम, वो दिखाने की चीज है,’’ ते म्हणाले आणि मला फाटकाजवळच्या रोपांना पाणी घालायला पाठवलं. तीन वीत उंचीची ती रोपं! त्यांचे फोटो काढणं हेच माझं पर्यावरण.

माझा संताप मी रोज संध्याकाळी शेजारच्या काकीपुढे ओकायचे. काकीचा बचत गट, आणि गटाचं सगळं उन्हाळ्यावर. गहू भिजवायचा, चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून पाडून छतावर कुरोड्या वाळवायच्या. आदल्या वर्षी दुकानदाराने सगळा माल काळा म्हणून परत केला होता. या वर्षीही तसंच झालं तर गट मोडणार, हे काकीने मला सरळ सांगितलं होतं.

आणि अशात सेठाणीबाईंनी मुलीच्या लग्नासाठी कुरोड्यांची ऑर्डर दिली. कोणाला? काकीला. आपल्याच धुराड्याखाली वाळवलेल्या! काकीच्या हातची चव गोंदियाभर गाजलेली, पण छत कुठे आहे हा विचार बंगल्यातल्या एकाही डोक्यात आला नाही.

मी काकीला म्हटलं, नागऱ्याला तुझ्या बहिणीकडे वाळव, तिथे हवा चांगली आहे.

‘‘कायले नेऊ व बाई?’’ काकी म्हणाली. ‘‘त्यायचा माल त्यायच्याच हवेत वाळू दे.’’

पहिला घाणा वाळला तशी ती तळलेल्या कुरोड्यांचं ताट घेऊन थेट ऑफिसात आली. सेठजींनी मोठ्या कौतुकाने एक तोंडात टाकली. असा करकर आवाज झाला की मला वाटलं धानासोबत सेठजीच मशीनमध्ये गेले.

‘‘इसमें क्या डाला है, काकी?’’

‘‘मीनं त गहूच टाकला, सेठजी. बाकीचं तुमच्या घरून आलं.’’

मी रोपांचे फोटो पाहत बसले. हसू आवरायला दुसरा उपाय नव्हता.

त्याच दुपारी फवारा सुरू झाला. लग्नापर्यंत आमच्या गल्लीत असं आकाश दिसू लागलं की म्हाताऱ्या माणसांनी विचारलं, हे निळं निळं काय आहे? कुरोड्या दुधासारख्या वाळल्या. वरपक्षाने मागून मागून खाल्ल्या. मुलगी सासरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी फवारा बंद.

तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. यंत्र होतं, पाणी होतं, वीज होती, मीही पगार घेऊन बसले होते. इतकी वर्षं कमी होती ती फक्त सेठजींच्या दातांखालची राख. आमची फुफ्फुसं मोजणीत नव्हती. मी आत जाऊन हे सगळं बोलले, चढ्या आवाजात. सेठजी शांतपणे म्हणाले, ‘‘बेटा, शादी तो हो गई.’’

पण मुलीच्या सासरहून आणखी कुरोड्यांची मागणी आली. काकी सेठाणीबाईंना म्हणाली, देतो ना, पण आता गट बारा महिने वाळवणार आहे. पापड, सांडगे, मिरच्या, सारं. फवारा बंद दिसला की माल बंद. विहिणीपुढे नाक कापून घ्यायची सेठाणीबाईंची तयारी नव्हती. घरात काय झालं ते मला ठाऊक नाही, पण फवारा सुरू झाला तो चालूच राहिला.

म्हणजे दिवसा. सूर्य मावळला की पंप बंद, आणि सकाळी कठड्यावर बोट फिरवलं की ते काळं. दुसरी नोकरी मिळण्याइतका अनुभव आता माझ्याकडे झाला आहे, तरी मी अजून इथेच आहे. काकीही गप्प नाही. रोज मला विचारून राहिली आहे, रात्री वाळवतात असं काय असते व पोरी?