दाराच्या भिंगात न दिसणारा जेबराज

जेबराज गेल्याची बातमी आली तेव्हा मी श्रीपेरुंबुदूरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो. त्याच्या बायकोचा, एस्तरचा फोन होता. सकाळी मैदानावर पोरांना पळवून घरी आला, चहा मागितला आणि चहा होईपर्यंत खुर्चीतच... पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. तिने हे इतक्या शांतपणे सांगितलं की तिला धीर द्यायचा सोडून मीच रडायला लागलो आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. आता महिना उलटून गेलाय. रडू ओसरलंय आणि जेबाची आठवण आली की आधी हसूच येतं. त्याला हे आवडलं असतं, म्हणून लिहायला बसलोय.

वडिलांच्या बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून चेन्नईला आलो आणि अण्णा नगरात स्थिरावलो. मला तमिळ धड येत नव्हतं, फुटबॉल बऱ्यापैकी येत होता. त्या जोरावर कॉलेजच्या संघात शिरलो आणि तिथे जेबा भेटला. एन्नोरच्या मच्छीमारांच्या वस्तीतला, काळाकभिन्न, काटक, आणि पायात चेंडू आला की आंधळा. बाकीचे दहाजण मैदानात कशाला आणलेत, असा प्रश्न त्याला पडत असावा. मी मधल्या फळीतून ओरडत राहायचो आणि हा तिघांना चुकवून चौथ्यावर जाऊन आदळायचा. पण गोलही तोच करायचा, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. एका सरकारी कचेरीच्या संघाचे लोक त्याच्यावर डोळा ठेवून होते. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी म्हणजे घराचं भलं. एन्नोरच्या खाडीत वीजकेंद्रांची राख उतरत होती, जाळ्यात मासळी कमी येत होती, आणि त्याच्या घरातल्या सगळ्यांची आशा त्याच्या उजव्या पायावर टांगलेली होती.

आणि दुसरं वर्ष संपता संपता या गृहस्थाने जाहीर केलं की तो दोन वर्षांसाठी सेवेला चाललाय. त्यांच्या छोट्याशा चर्चची तशी रीत होती. तरुण पोरांनी दोन वर्षं परक्या भाषेच्या मुलखात राहायचं, दवाखान्यात हातभार लावायचा, घरोघरी जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करायची, आणि कोणी ऐकून घेतलंच तर प्रार्थना म्हणायची. आमचे प्रशिक्षक मुरुगेशन सर कपाळाला हात लावून बसले. "देव दोन वर्षं थांबेल रे, नोकरी देणारे थांबणार नाहीत," ते म्हणाले. मीही बरंच समजावलं, थोडी शिवीगाळही केली. जेबा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "डेय सुहास, शब्द देऊन बसलोय. गोल काय, आल्यावरही करीन." त्याच्या खालोखाल कोणाचं नुकसान झालं असेल तर ते आमच्या संघाचं. पुढचे दोन हंगाम आम्ही नियमितपणे हरलो.

तो परत आला तो दिवस मला लख्ख आठवतो. मी तेव्हा त्याच कॉलेजात एम.कॉम. करत होतो. दुपारी बेल वाजली. आईने दाराच्या भिंगातून पाहिलं, कोणीच नाही. पुन्हा बेल. पुन्हा कोणी नाही. आई वैतागून दार उघडते तर चपलांच्या स्टँडपाशी, दारापासून लांब, एका बाजूला अंग चोरून जेबा उभा. वाळून काटकी झालेला. आणि हात जोडून स्वच्छ मराठीत म्हणतो, "नमस्कार काकू. लय भूक लागून राहिली ना." त्याला यवतमाळकडच्या एका खेड्यात पाठवलं होतं! चेन्नईत मराठी ऐकायला आसुसलेली माझी आई आधी दचकली, मग खळखळून हसली आणि मग त्याला पिठलं-भात वाढायला धावली. "अरे, हा आपला जेबा कुठला, हा तर वऱ्हाडातला पाव्हणा," असं ती त्याला वाढता वाढता म्हणत होती. तो आडवा हात मारत होता आणि मधूनच विचारत होता, "काहून हसता, काकू?"

तो असा लांब का उभा राहिला, हे मी जेवणानंतर विचारलं. त्याने सांगितलं की तिकडे पहिल्या आठवड्यात तो दाराला नाक लावून उभा राहायचा आणि दार उघडताच बोलायला सुरुवात करायचा. मग बहुतेक दारं तोंडावर आपटायची, एका आजीने तर केरसुणी उगारली. तेव्हा जोडीच्या वडीलधाऱ्या सेवकाने त्याला शिकवलं की दार वाजवलं की मागे सरकायचं, बाजूला व्हायचं. दार उघडणाऱ्याला अडवल्यासारखं वाटता कामा नये. त्याला नको म्हणायलाही जागा हवी. "आणि गंमत बघ," जेबा म्हणाला, "मागे सरकायला लागल्यापासून लोक पाणी तरी विचारायला लागले." त्या दोन वर्षांत किती जणांनी त्याची प्रार्थना ऐकली ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. माझ्याकडे तर त्याने तो विषय कधी काढलाच नाही. एकदा मी मुद्दाम डिवचलं तेव्हा म्हणाला, "तुझ्या घरी मी जेवायला येतो, डा."

खेळाचं मात्र कठीण होतं. दोन वर्षांत चेंडूशी गाठच पडली नव्हती. पाय जड झाले होते, दम टिकत नव्हता, आणि ज्या बचावपटूंना तो पूर्वी सहज मागे टाकायचा ते आता त्याच्या पुढे धावत होते. कॉलेजचं त्याचं हे शेवटचं वर्ष. मुरुगेशन सरांनी त्याला जवळजवळ पूर्ण हंगाम बाकावर बसवलं. घरी वडील काही बोलत नसत, पण ते न बोलणंच त्याला खात होतं. शेवटी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य सामन्याला त्या कचेरीचे लोक येणार असं कळलं. नोकरीची आशा होती ती तेवढ्या एका सामन्यावर. सरांनी त्याला उत्तरार्धात उतरवलं.

जेबाला चेंडू मिळाला. त्याची पाठ गोलकडे आणि अंगावर एक धिप्पाड बचावपटू. पूर्वीचा जेबा वळून त्याच्यावर चालून गेला असता. या जेबाने चेंडू मला परत दिला आणि शांतपणे मागे सरकून बाजूला झाला. अगदी आमच्या दारात झाला होता तसा. बचावपटू गोंधळून त्याच्यामागे गेला आणि गोलसमोर मोठं मैदान मोकळं झालं. मला काय करावं ते सुचेना, कारण इतकी मोकळी जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती. "काहून थांबला बे, जा ना!" जेबा मराठीत ओरडला. मी गेलो आणि गोल केला. कॉलेजच्या सामन्यातला माझा पहिला आणि शेवटचा गोल. तसे आणखी दोन गोल झाले, दुसऱ्यांनी केलेले. जेबाने स्वतः एकही केला नाही, आणि आम्ही जिंकलो.

नोकरी मिळाली नाही. त्या लोकांपैकी एकजण सरळच म्हणाला, "पोरगा शहाणा झालाय, पण वेग गेला. आम्हाला वेग हवा." जेबा त्यांना नमस्कार करून आला आणि स्टेडियमच्या पायरीवर माझ्याशेजारी बसला. तेव्हा मात्र तो रडला... "आप्पाला काय सांगू?" एवढंच म्हणत होता. माझ्या मनात त्या चर्चविषयी काय काय आलं ते इथे लिहीत नाही. तेवढ्यात मुरुगेशन सर आले आणि त्याला म्हणाले, "जागा करायला शिका म्हणून या गाढवांपुढे मी घसा फोडतोय. तू कुठून शिकलास? उद्यापासून सकाळी ये आणि यांना शिकव." पगार चहापुरता होता. पण तो गेला, पुढे रीतसर प्रशिक्षणाची परीक्षा दिली आणि सरांनंतर त्याच मैदानावर कोच झाला. सेवेच्या त्या दोन वर्षांनी त्याचं काय नेलं आणि त्याला काय दिलं, यावर आम्ही नंतर वर्षानुवर्षं भांडलो. त्याच्या चर्चमधली पोरं सेवेला जाण्याआधी त्याला विचारायला येत. तो त्यांना जा म्हणत नसे, जाऊ नको असंही म्हणत नसे. "वेग जाईल," एवढं सांगायचा, "बाकी आल्यावर बघू."

आमच्या घरी मात्र नियम ठरून गेला होता. बेल वाजली आणि भिंगात कोणी दिसलं नाही की आई म्हणायची, "जेबा आला." रविवारी तो एन्नोरहून वंजिरम, म्हणजे आपली सुरमई, घेऊन यायचा आणि लांब उभा राहायचा. मी कितीदा म्हटलं, अरे आता तरी पुढे उभा राहा, घरचाच आहेस. तो हसायचा.

गेल्या रविवारी बेल वाजली. आई आता ऐंशीच्या घरात आहे, पण दाराशी अजून तीच आधी पोचते. तिने भिंगाला डोळा लावला आणि तशीच उभी राहिली. "कोणी दिसत नाही रे..." ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून मी बातमीच्या दिवसानंतर पहिल्यांदा घाबरलो. मग तिनेच कडी काढली. चपलांच्या स्टँडपाशी, एका बाजूला, हातात मासळीचा डबा घेऊन एस्तर उभी होती. तिला मराठी येत नाही. माझ्या साताऱ्याच्या आईने तिला दंडाला धरून आत ओढलं. "काहून उभी राहिली गं बाहेर?" ती म्हणाली. "ये ना."