मॉरिशसला जायचा महिना

सदाशिव पेठेतल्या ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मॉरिशसचं माहितीपत्रक ते बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत होते.

"काका, सप्टेंबरमध्ये जा. हवा छान असते," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

"फेब्रुवारीचं बघा."

"अहो, तेव्हा चक्रीवादळं येतात. हॉटेलं रिकामी असतात."

"म्हणूनच. माझी मुलगी तिथे हॉटेलात नोकरी करते. मागे सप्टेंबरमध्येच गेलो होतो. आठ दिवसांत ती माझ्याबरोबर दोनदा जेवली."

"पण वादळामुळे परतीचं विमान रद्द झालं, तर अडकून पडाल."

"चालेल की," ते म्हणाले आणि त्यांनी पासपोर्ट पुढे सरकवला.