बनुबाईच्या भिंती

मिरजगावच्या स्टँडजवळ माझं ई-सेवा केंद्र आहे. पीकविमा, रेशनकार्ड, जातीचा दाखला, म्हणाल तो फॉर्म मी भरून देते. लोक म्हणतात, सविता तोंडाची फटकळ आहे, पण तिने भरलेला फॉर्म कधी परत येत नाही. दोन्ही खरं आहे. फक्त बनुबाईच्या बाबतीत न वाचता एक खूण केली आणि ती मला फार लागली.

बनुबाई लग्नाच्या भिंती रंगवते. आमच्याकडे घरात लग्न निघालं की दाराशेजारच्या भिंतीवर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मोर आणि खाली नवरानवरीची नावं काढतात. आसपासच्या दहाबारा गावांत हे काम तिचंच. वय चोपन्न, शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर असं की छापखान्याने लाजावं. तिचा एकच नेम आहे. घरच्या बाईने ओटी भरल्याशिवाय ती ब्रशाला हात लावत नाही. एकदा एका सरपंचाच्या घरी मालकीण बाजाराला गेली होती, तर ही दोन तास लिंबाखाली बसून राहिली. सरपंच चिडला, गाडी काढून बायकोला घेऊन आला, तेव्हा कुठे काम सुरू झालं.

आणि दुःखही एकच. दिवाळी आली की भिंतीला चुना लागतो आणि सगळं जातं. "तीस वरसं झाली, सविता," ती एकदा म्हणाली, "दाखवाया एक भिंत न्हाई माजी." रडली वगैरे नाही, पण मीच खाली बघून उगाच कागद लावत बसले.

पुण्यात चित्रकलेच्या कॉलेजात शिकणारी राजनंदिनी मावसबहिणीच्या लग्नाला गावात आली आणि बनुबाईची भिंत बघून तिथेच अडकली. पोर्तुगालमधल्या एका खेड्यात जुनी तेलाची घाणी आहे, तिथे जगभरातले सहा कलाकार दीड महिना राहायला बोलावतात, हे तिनेच आम्हाला सांगितलं. प्रत्येकाला काम करायला मोठी खोली, जेवणखाण, विमानाचं भाडं. त्यांनी आपलं काम करायचं आणि एकमेकांच्या सोबतीने राहायचं, बस्स. बनुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडं दिवाळी नसती ना?" राजनंदिनीला आधी कळलंच नाही. मला कळलं. जिथे दिवाळी नाही तिथे चुना नाही. निदान एक भिंत तरी राहील, एवढ्यासाठी ही बाई सातासमुद्रापार निघाली होती.

फॉर्म माझ्याकडे आला. त्यात दहा कामांचे फोटो मागितले होते आणि काम तर एकही शिल्लक नव्हतं. मग बनुबाई घरोघर फिरून लग्नाचे अल्बम घेऊन आली. त्यातून आम्ही दहा फोटो काढले. कुठे नवरदेवाच्या खांद्यावरून गणपतीची सोंड डोकावत होती, कुठे मोर करवलीच्या अंबाड्यामागे अर्धा झाकला होता. पुढे त्या संस्थेने कळवलं की काम आवडलं, विशेषतः प्रत्येक चित्रापुढे माणसं उभी करण्याची कल्पना. मी आणि राजनंदिनी पोट धरधरून हसलो.

फॉर्मच्या शेवटी बारीक इंग्रजीत अटींची लांबलचक यादी होती आणि खाली 'मान्य' म्हणून खूण करायचा चौकोन. अशा शंभर चौकोनांवर मी दिवसाला खुणा करते. केली खूण आणि दिलं पाठवून.

निवड झाली. तिचा नवरा छगन तीन दिवस केंद्रात येऊन विचारत होता की नेऊन भांडी तर घासायला लावणार नाहीत ना. भिंतीचं काम आहे हे पटल्यावर त्यानेच तिची बॅग आणली. चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून सप्टेंबर ठरला. बनुबाई नऊवारीवर माझा स्वेटर घालून विमानात बसली.

तिथे तिला पांढरीशुभ्र खोली मिळाली. बारा दिवस झाले तरी भिंत कोरीच. तसं बाकी छान चाललं होतं. कोरियाची विणकाम करणारी मुलगी तिच्याकडून पिठलं शिकली, ब्राझीलचा एक दाढीवाला तिच्या बांगड्यांचा आवाज टेपात भरून घेऊन गेला. भाषेवाचून कुणाचं अडत नव्हतं. पण व्हिडिओ कॉलवर ती मला म्हणाली की हात उचलत नाही. लग्न कुणाचं, नाव कुणाचं, ओटी कुणी भरली?

मी तिला झापलं. एवढ्या लांब जाऊन ओटीसाठी अडून बसलीस म्हणून जे तोंडाला येईल ते बोलले. फोन ठेवल्यावर मात्र मलाच वाईट वाटलं. तीस वर्षांचा नेम तिने विमानतळावर काढून ठेवावा, हे मी कोण सांगणार? मग मोबाईलवर भाषांतर करून तिथली व्यवस्था बघणाऱ्या लुर्देसबाईंना सगळं लिहिलं. या वयस्क बाई, त्याच गावच्या. दुसऱ्या दिवशी त्या संत्रं, ओंजळभर गहू आणि नवा कोरा स्वयंपाकाचा रुमाल घेऊन आल्या आणि बनुबाईच्या पदरात घातलं. नारळ मिळाला नाही म्हणून तीनदा माफी मागितली. बनुबाईने त्यांना नमस्कार केला आणि नवऱ्याचं नाव विचारलं.

अठरा दिवसांत भिंत भरली. मधोमध गणपती, केळीच्या जागी तिथली जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची झाडं आणि खाली 'चि. ज्वाकिम व चि. सौ. कां. लुर्देस'. लग्नाला चाळीस वर्षं झालेली, तरी चिरंजीवच. त्याखाली पत्रिकेत असतं तसं 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' आणि बाकीच्या पाच कलाकारांची नावं. गाव बघायला लोटलं. लुर्देस आणि ज्वाकिम भिंतीपुढे उभे राहिले, सगळ्यांनी फोटो काढले.

दोन दिवसांनी दुपारी बनुबाईचा फोन आला.

"सविता, त्यो कागद तू वाचला हुता का?"

निघण्याआधी खोली होती तशी पांढरी करून द्यायची, ही अट संस्थेने तिला आता दाखवली होती. माझ्या हातची खूण तिच्यापुढे मोबाईलवर होती. खोटं बोलता आलं असतं, पण जीभ वळली नाही. मी नाही म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने फोन उचललाच नाही. मी ती यादी पहिल्यांदा वाचली, एकोणतिसावी अट. संस्थेला लिहून विनवलं की चूक माझी आहे, तेवढी भिंत ठेवा. गोड शब्दांत नकार आला. तीस वर्षांत तिने एकच गोष्ट मागितली होती आणि ती माझ्याच हाताने गेली होती.

परत आल्यावर ती थेट केंद्रात आली, अंजिराची वडी घेऊन. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, आधी बस. मग सांगत गेली. शेवटच्या दिवशी लुर्देस चुन्याची बादली घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. तिचा हात चालेना. तिची समजूत घालताना बनुबाईचं लक्ष खिडकीखाली गेलं. तिथे ओलीने भिंतीचा टवका उडाला होता आणि आत कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते. पांढरा, लाल, पांढरा, निळा, पांढरा, हिरवा. तिने बोट लावून विचारलं. लुर्देस डोळे पुसत एकेका रंगावर बोट ठेवून नावं सांगत गेली. अकरा वर्षांत त्या खोलीत राहून गेलेले कलाकार होते ते, दरवर्षीचा एक.

"गेल्या न्हाईत गं भिंती," बनुबाई मला म्हणाली. "आत हायत समद्या."

मग तिने गणपतीला हात जोडले, लुर्देसच्या हातून ब्रश घेतला आणि चुन्याचा पहिला हात स्वतः दिला. दुसरा दोघींनी मिळून दिला. हे ऐकताना मीच रडले, फटकळपणा कुठल्या कुठे गेला.

तुळशीचं लग्न झालं आणि आमच्याकडे लग्नसराई सुरू झाली. पहिली भिंत गावातल्या वाल्मिकच्या मुलीच्या लग्नाची. संध्याकाळी केंद्र बंद करून मी बघायला गेले. काम उरकलं होतं, छगन रंगाचे डबे धूत होता. बनुबाईने सगळ्यात बारीक ब्रश घेतला, खाली वाकली आणि जमिनीलगत कोपऱ्यात लिहिलं, 'बनुबाई, मिरजगाव'. हजारो नावं लिहिणाऱ्या त्या हाताने स्वतःचं नाव तीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं.

वाल्मिक हसत म्हणाला, "मावशे, लई झ्याक. पन दिवाळीला चुना लावनार की आमी."

"लाव की," ती म्हणाली. "चांगला जाड लाव."