शेवटचा कोणाच्या पायाला लागला

पेरू देशातला एक बचावपटू मी सात-आठ वर्षं पाहत आलो. त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण ते मला अजून धड उच्चारता येत नाही. तिकडे रात्रीचा सामना असला की आमच्या वर्ध्याजवळच्या बोरगावात सकाळ असते. फोन साखरेच्या डब्याला टेकवायचा, चहा घ्यायचा आणि पाहायचं. बायको सुरुवातीला म्हणाली, "वर्धेतले मानसं संपले का, तर पेरूले जाऊन पोचले?" पुढंपुढं ती स्वतःच डबा सरकवून ठेवू लागली.

मी स्वतः स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात उभा राहून खेळलो, त्यामुळे माझी नजर गोल मारणाऱ्यावर ठरत नाही. त्याला पाहायला सगळं जग पडलंय. मी पाहतो मागं कोण उभा आहे ते. हा मागं उभा असायचा. फार उंच नाही, देखणा तर मुळीच नाही, मोजे कायम घोट्यावर आलेले. चेंडू आला की जास्त अक्कल न पाजळता लांब हाणायचा. आमच्या पुलगावच्या मैदानावर तो खपून गेला असता.

त्याची कारकीर्द मी फोनवरचं भाषांतराचं बटण दाबदाबून गोळा केली. जन्म डोंगरातल्या गावचा. तिथलं मैदान इतकं उंचावर की खालून आलेल्या संघांना अर्ध्या तासात धाप लागते. तिथून राजधानीच्या मोठ्या क्लबात गेला आणि दोन वर्षं बाकावर बसला. मग त्या क्लबानं त्याला या गावी, त्या गावी उसना दिला, शेजारणी एकमेकींना विरजण देतात तसा. एक हंगाम परदेशात खेळला, तिथं गुडघा गेला. देशाच्या संघात बोलावणं आलं, पण खेळायला मिळाली ती शेवटची काही मिनिटं. गोलांच्या रकान्यात जवळजवळ सगळी शून्यं. पिवळी कार्डं मात्र भरपूर! पस्तिशी उलटल्यावर तो आपल्या डोंगरातल्या क्लबात परत आला. बायकोला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे तुमच्यासारखंच. झालं काहीच नाई." माझं झालं होतं, आणि कसं झालं होतं ते तिला ठाऊक नव्हतं.

आमचं मैदान पुलगावला विहाराच्या मागं होतं. त्याच्या रेषा आखायचे आमच्या गोलकीपरचे वडील. सगळे त्यांना काका म्हणत. मिलमध्ये कामाला होते, पण रविवारी सकाळी डब्यात चुना कालवून कमरेत वाकून रेषा मारत. लाइनमन ठेवण्याची चैन आम्हाला कुठली? रेफ्री वेळेवर आला तरी दिवाळी. म्हणून काकांनी एक नियम घातला होता. चेंडू कोणाला लागून गेला यावर वाद झाला, की ज्याच्या पायाला शेवटचा लागला त्यानं आपण होऊन हात वर करायचा. बाहेरगावचे संघ आधी हसत. पण कोणी गप्प राहिला की काका रेषेबाहेरून ओरडत, "काऊन बे, रेफ्रीले नाई दिसलं, तुया पायाले तर समजलं ना!" मग तोही मुकाट्यानं हात वर करायचा.

मी एकदा असाच हात वर केला होता. सामना संपत आलेला, आम्ही बरोबरीत. चेंडू माझ्या बुटाच्या टोकाला जेमतेम घासून गोलरेषेमागं गेला. कोणालाही दिसलं नव्हतं. मी हात वर केला, त्यांना कॉर्नर मिळाला, त्यावर गोल झाला आणि आम्ही हरलो. पोरं मला खाऊ की गिळू करत होती. काकांनी मला घरी नेलं, काकूंना वाढायला सांगितलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पोरगं पाहून घ्या. हारलं, पण हात वर केला त्यानं." त्यांचा मुलगा माझ्या वर्गातला, माझा जिवलग. त्या घरचं मीठ मी किती वर्षं खाल्लं, त्याला मोजमाप नाही.

पुढं एका सरकारी खात्यात खेळाडूंची भरती निघाली. निवडीसाठी साहेब आमच्या मैदानावर सामना पाहायला येणार होते. मी आणि गोलकीपर दोघंही आशेवर. नोकरी म्हणजे जन्माची सोय, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. सामन्यात एकच गोल झाला, आमच्यावर. लांबून एक साधा, सरपटत येणारा चेंडू. आमचा गोलकीपर बरोबर उजवीकडे पडला. चेंडू माझ्या डाव्या टाचेला लागला, किंचित वळला आणि डावीकडून आत गेला. पाहणाऱ्याला वाटलं, यानं सरळ आलेला चेंडू सोडला आणि भलतीकडेच उडी मारली.

साहेबांनी खुर्चीतूनच विचारलं, "मध्ये कोणाला लागला का?"

गोलकीपर पडल्यापडल्या माझ्याकडे पाहत होता. काकाही रेषेवरून पाहत होते. मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधली. बांधलेलीच होती. सोडून परत बांधली.

मला नोकरी लागली, त्याला नाही. त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही. आधी लाजेनं गेलो नाही, मग सवयीनं. फुटबॉल सोडला आणि गुडघा दुखतो म्हणून सांगत राहिलो. तो समुद्रपूरला सासुरवाडीकडे गेला, तिथं विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी बांधायचं दुकान टाकलं. लग्नाकार्यात भेट व्हायची. "काय बे, बरा हायेस ना?" "हाव." एवढंच. काका वारले तेव्हा मी बाहेरगावी असल्याचं कळवलं. मी घरातच होतो.

आणि मग ती सकाळ. पेरूतल्या त्या डोंगरी क्लबावर खालच्या वर्गात घसरायची वेळ आली होती, शेवटचाच सामना. बाजूनं एक चेंडू आला, गोलकीपर बाहेर धावला, चेंडू माझ्या माणसाच्या नडगीला लागला आणि स्वतःच्याच जाळीत गेला. गोलकीपर तोंडावर पडलेला. लोक त्याला शिव्या घालत होते, भाषा कळत नसली तरी शिवी कळते. माझा माणूस त्याच्याजवळ गेला, त्याला उठवलं, गर्दीकडे वळला. एका हातानं आपली नडगी थोपटली आणि दुसरा हात वर केला. चांगला उंच, सगळ्या मैदानाला दिसेल असा.

त्याचा क्लब घसरला आणि तो त्याचाही शेवटचा सामना ठरला. मी फोन पालथा घातला. चहावर साय धरली होती. अगा बाप्पा, हजारो कोस लांबच्या माणसाला काकांचा नियम कोणी सांगितला? मला रडू आलं. बायकोनं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा इतक्या वर्षांनी सगळं सांगितलं.

तिनं भाजीची जुडी पुढं ओढली. मग म्हणाली, "शिळ्या कढीले ऊत कायले आनता? आता जाऊन हात दाखवून अवलक्षण करान." थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "कवाची गाडी हाये समुद्रपूरची?"

हिंगणघाटला गाडी बदलून दुपारी पोचलो. तो दुकानात विहिरीची मोटार बांधत होता. केस पांढरे झालेले, हात मात्र गोलकीपरचेच. मला पाहून दचकला, पायानं स्टूल पुढं ढकललं. "बस." तांब्याच्या तारेचे वेढे चालू होते. चुकले तर सगळं उसवावं लागतं, म्हणून तो ओठातल्या ओठात मोजत होता. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर उठून आलो असतो. टाच, नाडी, साहेब, सगळं सांगून टाकलं. त्यानं वेढे पुरे केले, तार तोडली, मगच मान वर केली.

"मले माईत होतं," तो म्हणाला. "टाचेचा आवाज आलता."

"मंग तू बोलला काऊन नाई?"

"बोललो ना. त्याच दिवशी, बापाले." त्यानं पक्कड खाली ठेवली. "म्हटलं, बाबा, त्याच्या पायाले लागून गेला. बापानं ताट सरकवलं. म्हणे, लागला असता तर त्यानं हात वर केला असता. ते पोरगं तसं नाई. आपली चूक लोकाच्या पायावर कायले टाकतं? मंग म्या तो विषय कधीच काढला नाई."

मी म्हणालो, "काकांना सांगायला पाहिजे होतं मी."

"हाव," तो म्हणाला. "मरेपर्यंत तुयाच बाजूनं होता तो."