बाबाची साक्ष

आमच्या गावात खाकी दिसली की माणसं बांधीत जातात. बांधी म्हणजे धानाचं शेत. काम असो नसो, गमछा खांद्यावर टाकायचा आणि निघायचं. कारण पंचनाम्यावर सही करायला पोलिसाला दोन माणसं लागतात, आणि जो चौकात सापडला तो पंच. मग त्याच्या नशिबी वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा. लहानपणापासून मी हे पाहत आले, हसतही आले. मग मीच पोलिसात लागले.

नवी नवीच होते. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत दिघोरीच्या रस्त्यावर शेजारच्या मोठ्या आईला ट्रॅक्टरनं उडवलं. मोठी आई नात्याची नव्हे, पण माझी आई रोवण्याला जायची तेव्हा मी हिच्याच हातचं जेवायचे. तिच्या मांडीचं हाड मोडलं. ट्रॅक्टर कोणाचा हे अख्ख्या गावाला माहीत, पण मालक म्हणे, म्हातारी आपल्या पायानं पडली. पाहणारा कोणी उभा राहिला नाही तर प्रकरण तिथंच मिटणार होतं. दवाखान्यात मोठ्या आईनं माझा हात धरला. "मी पडली नाही वं पोरी, मले पाडलं. तेवढं लिवून घे."

हवालदारांसोबत गावात गेले. चौक ओस. टपरीवर अर्धे प्यालेले कप, पिणारे गायब. असा राग आला! अरे, मी तुमचीच पोरगी ना? तावातावानं घरी गेले. आमची बांधी त्याच रस्त्याला लागून, म्हणजे बाबानं पाहिलं असणारच. आई दारातच उभी. माझ्याकडे न बघता हवालदारांना म्हणाली, "ते घरी नाहीत. लाखांदूरले गेले." आणि तिच्या मागे परसात, वांग्याच्या झाडांआड, बाबा उकिडवा बसलेला मला साफ दिसत होता. मी म्हणाले, "चला साहेब, नाहीत घरी." अंगावर वर्दी असताना खोटं बोलले. लाज वाटली, आणि बाबाचा संतापही आला.

पण त्याला तरी दोष कसा देऊ? मागे एकदा गावच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, प्रेत तरंगताना त्यानंच पाहिलं आणि भल्या मनानं ठाण्यात जाऊन सांगितलं. तिथं त्याला विचारलं, "तूनंच त नाही ना ढकललं बे?" आणि वर एक कानाखाली. पुढे तीन महिने हजेरी. तेव्हापासून आमच्या घरात एकच शिकवण, आपण भलं, आपली बांधी भली.

संध्याकाळी साधे कपडे घालून मी एकटीच परत गेले. जेवता जेवता बाबानं न विचारता सगळं सांगितलं. ट्रॅक्टर कोण चालवत होतं, रस्त्यावर आणताना चिखलणीची लोखंडी चाकंसुद्धा कशी काढली नव्हती, मोठी आई कशी आपली कडेकडेनं चालली होती. हेही सांगितलं, की तो धावत गेला, तिला सावलीत ठेवलं, पाणी पाजलं, आणि माणसं येताना दिसली तसा पळाला.

"हे मी माया पोरीले सांगून राहिलो," तो म्हणाला. "पोलिसाले नाही."

"बाबा, तिले तुयाशिवाय कोणी नाही. अन् ठाण्यात मी आहो ना! कोण हात लावते तुले?"

त्यानं ताटातच हात धुतला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात आला खरा, धुतलेला सदरा घालून. जबाब हवालदारांनी घेतला. बाबानं एक शब्द गाळला नाही, सगळं सांगितलं आणि सही केली. मोठ्या आईला पाडलं, हे अखेर कागदावर आलं. मी लगबगीनं खुर्ची ओढली. "बाबा, बस ना. चहा सांगते."

बाबा खुर्चीपासून एक पाऊल मागे सरला आणि त्यानं मला हात जोडले.

"नाही मॅडम, मी उभाच बरा. जाऊ का आता?"